३० सप्टेंबरच्या आत २२ नावं

मी टॉवेलच्या कडा शिवते, मशीन घरातच आहे, नगावर पैसे मिळतात. मिस्टर एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आम्ही, इथं दिवसभर मागाचा खडखड आवाज आणि दुपार झाली की दारादारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या बायका. माझी थोरली इथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत होती, मराठी माध्यम. मागच्या वर्षी त्या शाळेसाठी जे काय करावं लागलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण मला सुरुवातीला सांगणारं कुणीच नव्हतं आणि दुसऱ्या गल्लीतल्या एखाद्या आईला उपयोगी पडलं तर पडू दे.

सुरुवात झाली ती २०२४ च्या उन्हाळ्यात, पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालावरून. आमच्या शाळेतून ११ मुलं बसली होती, पात्र एकपण नाही. आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर एक मोठी अनुदानित शाळा आहे, जाऊबाईंचा मुलगा तिथं आहे, त्यांची २६ मुलं पात्र झाली आणि चौकात सगळ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स लागला. जाऊबाई मनानं चांगल्या आहेत, त्यांनी काय मला टोचायचं म्हणून म्हटलं नाही, पण लग्नात जेवायला शेजारी बसलो होतो तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या शाळेतले मास्तर तरी काय करणार गं, पोरंच तशी येतात तिथं. थोरलीला काढ तिथनं, आत्ताच काढ." घास तोंडातच राहिला माझा. कारण ती पोरं म्हणजे माझीच की, माझ्या गल्लीतली, सकाळी उठून घागरी भरणारी आणि लहान भावंडाला काखेत घेऊन पुस्तक वाचणारी.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चौकात जाऊन तो फ्लेक्स नीट बघितला, आणि त्यात मला तीन ओळखीचे चेहरे दिसले. ती तिघं चौथीपर्यंत आमच्याच शाळेत होती, आमच्या बाईंनीच त्यांना अ आ इ पासून शिकवलेलं, चौथीनंतर दाखला काढून तिकडं गेली. म्हणजे पेरणी आमच्याकडं आणि फ्लेक्स तिकडं. त्या शाळेचा पण दोष नाही म्हणा, चांगली मुलं कुणाला नको असतात, पण मग निकाल बघून शाळा चांगली का वाईट हे ठरवताना ही तीन नावं कुणाच्या खात्यात धरायची हा प्रश्न डोक्यातनं जाईना.

जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग झाली. मी त्याच्या आधीच्या वर्षीपण मेंबर होते पण खरं सांगते, सही करून चहा पिऊन घरी यायचे. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ चा तो कायदा, त्यात या समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत असं आहे, म्हणून आम्हाला बोलावतात एवढंच मला माहीत होतं. या वेळी आधीच्या अध्यक्षबाई शहराबाहेर कुंभारीला राहायला चालल्या होत्या, तिथल्या रे नगर या कामगारांच्या वसाहतीत त्यांना घर लागलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या १५,००० घरांच्या चाव्या दिल्या ना कामगारांना, त्यातलं. घर मिळालं याचा आनंद सगळ्यांनाच होता, विडी वळून वळून ज्यांची बोटं वाकली त्यांना पहिल्यांदा स्वतःचा पक्का उंबरा मिळाला, पण आमच्या शाळेतली मुलं मात्र हळूहळू कमी व्हायला लागली. तर त्या गेल्या आणि अध्यक्ष मी झाले, दुसरं कुणी तयार नव्हतं.

पहिल्यांदा मी ठरवलं की जाऊबाई म्हणतात ते खरं का खोटं ते आधी बघायचं. आमच्या मागच्या गल्लीत बीएला शिकणारी एक मुलगी आहे, तिनं सांगितलं की असर म्हणून सर्व्हे असतो, मुलाला आधी अक्षर, मग शब्द, मग चार ओळींचा उतारा आणि मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. पण तो सर्व्हे खेड्यातच होतो, शहरातल्या वस्त्यांकडं येत नाही. मग आम्हीच करायचं ठरवलं. ती, मी आणि शेजारच्या अक्का, तिघी संध्याकाळी दारोदार फिरलो, तिसरी ते पाचवीची आमच्या शाळेची ३१ मुलं गाठली. गोष्ट धडाधड वाचणारी निघाली १२. शब्दावर अडकून बसणारी ११, आणि ८ जणांना अक्षरंच जमत नव्हती. त्या ८ मध्ये एक पाचवीतला मुलगा होता, त्याची आई समोर बसलेली, तिचे हात विडीवर चालूच होते पण मान खाली गेली ती परत वर आली नाही. मला तिथनं उठून जावंसं वाटलं.

पण त्याच संध्याकाळी दोन गोष्टी बघितल्या त्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. एका मुलीला ५२ मधून २७ वजा करायला दिले तर ३५ लिहिलं तिनं, हातचा विसरली. तिलाच अक्कांनी सहज विचारलं, हजार विड्यांच्या पंचवीस पंचवीसच्या जुड्या किती होतील गं, तर क्षणात म्हणाली ४०, आणि आज आईच्या सहा कमी पडल्यात म्हणजे किती विड्या राहिल्या तेपण सांगितलं. आणि एक मुलगा, घरात तेलुगू बोलतात त्याच्या, त्यानं उतारा पूर्ण वाचला, एक चूक नाही, पण काय वाचलं विचारल्यावर गप्प. अक्कांनी तेलुगूत विचारलं, नीळ्ळू म्हणजेच ते पाणी रे, असं एक दोन शब्दांना हात दिला तर सगळी गोष्ट त्यानं तेलुगूत सांगून टाकली. आमच्या शाळेत अर्ध्याच्या वर मुलं अशी आहेत, घरात तेलुगू, थोडी कन्नड, गल्लीत हिंदी, आणि पुस्तक मराठी. पहिलीत बाई "पाटी काढा" म्हणतात तेव्हा निम्मी मुलं शेजारच्याकडं बघून पाटी काढतात. अशा मुलांना "तशी पोरं" म्हणणं मला आता सहन होत नाही.

मग मोठ्या बाईंकडं गेले आणि हजेरी मागितली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आधी जरा बिचकल्या, मग स्वतःच काढून दिली. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि पाणी आलेल्या दिवशी मी कॅलेंडरवर गोल करते, इथल्या सगळ्या बायका करतात. ते कॅलेंडर आणि हजेरी शेजारी ठेवून बसले. पाणी सुटलेल्या दिवशी चौथी-पाचवीच्या मुली गैरहजर, अगदी ठरल्यासारख्या, आणि कारखान्यात विड्या द्यायला आया जातात त्या दिवशी लहान भावंडं सांभाळायला परत त्याच गैरहजर. मुलगे तेवढे नाहीत. शाळेतली टाकीपण तिसऱ्या दिवशी कोरडी पडायची, मग मोठ्या मुली छोट्या सुट्टीत घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. एका मुलीचे महिन्याला सहा-सात दिवस असेच जातात, आणि भागाकार नेमका त्याच दिवसांत शिकवून झालेला असतो.

जुलैत जाऊबाईंना म्हटलं मला तुमची शाळा बघायचीय, पालकसभेला घेऊन चला. त्यांनी नेलं. खरंच चांगली शाळा आहे, उगीच नावं ठेवणार नाही मी. प्रत्येक तुकडीला स्वतंत्र शिक्षक, ऑफिसात क्लार्क, शिपाई, पाण्याची मोठी टाकी. शिष्यवृत्तीचा वर्ग सकाळी सातला वेगळा भरतो, जूनपासून, आणि त्याला मुलं निवडून घेतात. वर जाऊबाईंच्या मुलाला बाहेर क्लास आहे, महिन्याला ८०० रुपये. आमच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान येतं ते पटावर असतं, १०० च्या वर २५० पर्यंत मुलं असली की ५०,००० रुपये, त्यात खडू, रजिस्टर, झाडू, नळाची दुरुस्ती सगळं. १३८ मुलं धरली तर एका मुलामागं वर्षाला ३६२ रुपये पडतात. जाऊबाई एका मुलाच्या नुसत्या क्लासला वर्षाला ९,६०० देतात. घरी येऊन मी हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि मिस्टरांना दाखवले, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

एक अजून. शिष्यवृत्तीचे दोन पेपर असतात १५०-१५० मार्कांचे, पहिला भाषा आणि गणित, दुसरा इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, पात्र व्हायला दोन्हीत ४०-४० टक्के लागतात, आणि उत्तरं गोल काळे करून द्यायची असतात, ओएमआर शीट म्हणतात त्याला. आमच्या ११ मुलांना मी एकेकाला विचारलं, तर त्यातल्या नऊ जणांनी ती शीट पहिल्यांदा बघितली ती परीक्षेच्या हॉलमध्येच. एकानं गोलाच्या शेजारी बरोबरची खूण केली होती सगळीकडं. दोन्ही पेपरात. त्याला येत होतं हो सगळं, मी त्याला परत तोंडी विचारून बघितलं ना.

आता शिक्षकांचं. आमच्या शाळेत पहिली ते पाचवी, शिक्षक पाच, मोठ्या बाई धरून. वेगळ्या मुख्याध्यापकाचं पद १५० च्या वर मुलं असली तरच धरतात, आमची तेवढी नाहीत, म्हणून मोठ्या बाईंनी पाचवीपण शिकवायची आणि क्लार्कचं सगळं कामपण करायचं, दिवसाला दोन-तीन माहित्या ऑनलाइन मागवलेल्या असतात त्या भरायच्या. एका सरांकडं बीएलओचं काम, मतदार यादीचं. शिक्षकांना निवडणूक, जनगणना आणि आपत्ती सोडून दुसरं काम लावायचं नाही असं शिक्षण हक्क कायद्यात कलम २७ आहे, निवडणूक त्यात बसते त्यामुळं तक्रारपण करता येत नाही, आणि २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभा झाली आणि नोव्हेंबरला विधानसभा. मग तिसरी-चौथी एका खोलीत. मीटिंगला एकजण म्हणाले, आपल्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या डिसले सरांना २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, झेडपीच्या शाळेत राहून, मग तुम्हाला काय होतं? मला डिसले सरांचा अभिमानच आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडची सुरुवात त्यांच्यामुळं झाली हे मी मुलीला सांगितलंय. पण त्यांचं नाव घेऊन आमच्या बाईंना गप्प बसवणं मला पटलं नाही आणि मी तसं तिथंच बोलले, माझा आवाज थरथरत होता पण बोलले.

त्यानंतर मोठ्या बाईंनी मला थांबवून घेतलं आणि खरी अडचण सांगितली. म्हणाल्या, "ताई, तुम्ही क्लासचं बघूलालाव, इथं पाचवा शिक्षकच जायची वेळ आलीय." कायद्याच्या परिशिष्टात ९१ ते १२० मुलांना ४ शिक्षक आणि १२१ ते २०० ला ५ असं आहे. आमचा पट १३८, म्हणजे ५ बसतात. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणं, होते ती ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि आता पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं नाहीत, ज्यांचं आधार शाळेच्या ऑनलाइन नोंदीशी जुळतं तीच मुलं. आमची जुळलेली होती ११६. बावीस मुलं रोज शाळेत येत होती, खिचडी खात होती, कविता म्हणत होती, पण शिक्षक मोजताना नव्हतीच. वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याच मुलाचा प्रवेश नाकारायचा नाही असं तोच कायदा सांगतो, म्हणून आमच्या बाई सगळ्यांना घेतात, आणि बरोबरच करतात. तरी ती मुलं धरली जात नाहीत, आणि अशी मुलं असतात ती आमच्यासारख्याच शाळेत, जाऊबाईंच्या शाळेत नसतात. शिक्षक कमी झाला की दोन वर्ग एकत्र, ते बघून पालक दाखले काढणार, पट अजून खाली, मग अजून एक शिक्षक अतिरिक्त ठरणार. बाई हे सगळं बोटावर मोजून सांगत होत्या, त्यांनी ते आधीच्या शाळेत घडताना बघितलेलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी ती २२ नावांची यादी घेऊन फिरायला लागले. शिवणकाम रात्री करायचं आणि दिवसा हे. प्रत्येकाची अडचण वेगळी. तेलुगू आडनावं इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेली, जन्म दाखल्यावर एक, आधारवर एक, शाळेच्या नोंदीत तिसरंच. काहींच्या आधारवर बापाचं नाव मधे, काहींच्या नाही. जन्मतारीख सगळीकडं एक जून घातलेली दोन भावांची, जुळे नसताना. पाच वर्षांनंतर आधारसाठी मुलांच्या बोटांचे ठसे द्यायचे असतात ते बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं, पाच ते सात वर्षांत ते तेव्हा फुकट व्हायचं. आणि चार जणांचं आधारच नाही, कारण जन्म दाखला नाही, एक तेलंगणात आजोळी घरातच जन्मलेला, एकीचा बाप भिवंडीला मागावर गेला तो कागदांची पिशवीच घेऊन गेला.

वेळ पण अशी होती की आधार सेंटरवर उभं राहायला जागा नाही. लाडकी बहीणचे फॉर्म चालू होते, १,५०० रुपयांसाठी सगळ्या बायका बँक खातं आणि आधार जोडायला रांगेत, मीपण त्यात होतेच एक दिवस. सकाळी साडेआठला टोकन देतात, ठरावीकच. पहिल्या दिवशी मी तीन मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन गेले, नऊ वाजता पोचलो, टोकन संपलेले. एका आईनं त्या दिवशीच्या विड्या सोडल्या होत्या, म्हणजे मजुरी गेली, मला काय बोलली नाही पण परत येताना रिक्षात तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर मी नियम केला, मी पहाटे जाऊन नंबर लावायचा आणि आयांना फोन करून बोलवायचं. अक्का माझ्याबरोबर यायच्या. मोठ्या बाई शाळेच्या शिक्क्याचं पत्र द्यायच्या. बीएवाली मुलगी रात्री शाळेच्या नोंदीतलं आणि आधारवरचं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवून कागदावर लिहून ठेवायची, कुणाचं आधार बदलायचं आणि कुणाची शाळेतली नोंद, कारण शाळेतली चूक बाईंना तिथंच दुरुस्त करता येते, उगीच मुलाला सेंटरला न्यायची गरज नाही. हे आधी कळलं असतं तर सहा जणांच्या फेऱ्या वाचल्या असत्या. म्हणून हे करणार असाल तर आधी हे बघा: चूक कुठल्या बाजूची आहे.

आया तयार का होत होत्या, तर शिक्षकाच्या पदासाठी नाही. त्यांना ते लांबचं वाटायचं. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची स्कॉलरशिप असते, वर्षाला १,००० पासून पुढच्या शिक्षणाला २५,००० पर्यंत, त्यालापण हेच नाव जुळलेलं लागतं हे मी सांगायला लागले तेव्हा चेहरे बदलले. खोटं काही सांगितलं नाही, फक्त त्यांच्या कामाचं आधी सांगितलं.

मधल्या काळात मुलं कमी होतच होती. कुंभारीला जाणारी कुटुंबं जुलै ते सप्टेंबर चालूच, आठ मुलांचे दाखले गेले, त्यातली दोन आमच्या २२ मधली. जुळलेली ११६ ची ११० झाली. म्हणजे आता २० पैकी ११ तरी जुळायलाच पाहिजेत. गणपतीत सेंटर बंद, ईदची सुट्टी, एक दिवस सर्व्हर बंद. २६ सप्टेंबरला आमची ९ झाली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, मशीनवर बसले आणि तीनदा सुई तुटली. २७ ला तिघं झाली. २८ ला शनिवारी एक, तो तेलंगणातला मुलगा, त्याच्या मामानं तिथल्या ग्रामपंचायतीतून दाखला काढून बसनं पाठवला होता आणि आधी नोंदवलेलं आधार वेळेत आलं. एकूण १३. मोठ्या बाईंनी स्क्रीनवरचा आकडा मला वळवून दाखवला, १२३. पाचवं पद राहिलं. बाई काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून पुसत राहिल्या, मग कपाटातून चॉकलेटचा डबा काढला जो मुलांच्या वाढदिवसाला असतो.

डिसेंबरात शाळा विकास आराखडा बसून केला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे तो, समितीनंच करायचा असतो, तीन वर्षांचा. आधीचे आराखडे बघितले तर दरवर्षी तेच, नुसती तारीख बदललेली. यूडायस म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद, तिच्या वेबसाइटवर आमच्या शाळेचं कार्ड कुणालाही मोबाइलवर बघता येतं, शाळेचा ११ अंकी नंबर टाकला की येतं, त्यात मुलींचं स्वच्छतागृह "चालू" असं होतं. आहेच चालू, पाणी असतं तेव्हा. मी आराखड्यात कॅलेंडर आणि हजेरीची झेरॉक्स जोडली आणि दुसरी टाकी मागितली. लायब्ररीच्या पुस्तकांचा आकडा ४०० च्या वर होता, ती पुस्तकं कपाटात कुलूपबंद आणि किल्ली बदलून गेलेल्या एका शिक्षकांकडं राहिलेली, ते कुलूप आम्ही त्याच आठवड्यात तोडलं, त्याला कुणाची मंजुरी लागली नाही. आतली बरीच पुस्तकं मराठी-तेलुगू दोन्हीत निघाली. ती बघून अक्का जमिनीवरच बसल्या आणि वाचायला लागल्या, त्या स्वतः तेलुगू माध्यमात सातवीपर्यंत शिकलेल्या. आता शनिवारी त्या येतात, पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट आधी तेलुगूत मग मराठीत सांगतात, पगार नाही, मागितलापण नाही त्यांनी. मला वाटतं तो द्यायला पाहिजे, आराखड्यात तेपण लिहिलंय.

शिष्यवृत्तीसाठी ओएमआरच्या झेरॉक्स काढल्या, एका झेरॉक्सवाल्यानं निम्म्या पैशात दिल्या. नोव्हेंबरपासून शाळा सुटल्यावर तासभर, माझी थोरलीपण त्यात होती. फेब्रुवारीला १० मुलं बसली. तीन पात्र झाली. थोरली झाली नाही, गणितात थोडक्यात गेली, दोन दिवस रुसून बसली होती. ती हजार विड्यांवाली मुलगी झाली पात्र. जाऊबाईंनी फोन करून विचारलं, तुमची तीन झाली म्हणे? आणि मग म्हणाल्या, त्या ओएमआरच्या शीटा मला पण पाठव की, धाकट्याला लागतील. पाठवल्या.

दुसरी टाकी अजून आलेली नाही. तीनदा जाऊन आले, कागद टेबलावरून पुढच्या टेबलावर गेलाय एवढं कळलं. आमच्या बाजूची एक बाई, खासगी शाळांत गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा असतात त्याच्या लॉटरीत मुलाचा नंबर लागेल म्हणून २०२४ मध्ये जुलैपर्यंत थांबली होती, सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना त्यातनं सूट असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेला, हायकोर्टानं तो जुलैत रद्द केला, त्या गोंधळात पोराचा महिना-दीड महिना घरात गेला. त्याचा नंबर काही लागला नाही, तो मग आमच्याकडंच पहिलीत आला. हुशार आहे, सगळ्यांच्या आधी हात वर करतो.

यादीतली सात नावं अजून तशीच आहेत. त्यातली एक भिवंडीवाल्याची मुलगी, बाप मार्चमध्ये कागदांची पिशवी घेऊन आला, पण त्यात जन्म दाखला नव्हताच. उशिराच्या नोंदणीचा अर्ज केला, चार महिने गेले, परवा एकदाचा दाखला हातात आला. तिच्या आईनं तो प्लास्टिकमध्ये घालून तांदळाच्या डब्यात ठेवलाय. उद्या तिला घेऊन सेंटरला जायचंय, नंबर लावायला मला सहाला निघायला पाहिजे.